कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूल आणि यवतेश्वरचा उतार: आमच्या घरगुती चाचणीच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

साताऱ्यात माझं औषधांचं छोटं दुकान आहे आणि सकाळी मी पळतो. त्यामुळे पळणारी मंडळी अंगदुखीची गोळी घ्यायला माझ्याकडेच येतात, आणि गेल्या वर्षभरात गोळीसोबत एक प्रश्नही आणतात : "काका, ते मशरूमचं सप्लिमेंट घेऊ का? रिकव्हरी लवकर होते म्हणे." साठ कॅप्सूलची बाटली अठराशे रुपयांना. मी "घेऊन बघा" म्हणायचो. दुकानदाराला हे उत्तर सोयीचं असतं.

आज पळून आल्यावर चहाच्या टपरीवर ठरलं की आपणच बघायचं. सहाजण अर्ध्या कॅप्सूल खऱ्या आणि अर्ध्या खोट्या घेणार, कोणती कधी हे कोणालाच माहीत नसणार. नोंदी मी लिहीन. दुसऱ्या कोणाला हाच उद्योग करायचा असेल तर निदान आमच्या चुका तरी त्याच्या हाताशी असतील.

मशरूम कॉर्डिसेप्सच घ्यायचं ठरलं, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आहे. हिमालयातली कीडाजडी ही त्याची चुलतबहीण. उत्तराखंडात धारचुला-मुन्स्यारीकडे बर्फ वितळल्यावर लोक गुडघ्यांवर रांगत ती शोधतात, आणि तिचा भाव आपल्या ऐपतीबाहेरचा. बाजारात कॅप्सूलमधून मिळतं ते बहुतेक कॉर्डिसेप्स मिलिटारिस, बरण्यांमध्ये वाढवलेलं केशरी मशरूम.

आमच्यातल्या बँकेच्या साहेबांनी चिनी मुलींचा किस्सा सांगितला. १९९३ च्या सप्टेंबरात बीजिंगला वांग जुनशियाने १०,००० मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत पळून आधीचा विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला, आणि प्रशिक्षकाने श्रेय दिलं कीडाजडीच्या काढ्याला. किस्सा खरा आहे, पण साहेब तो अर्ध्यावर सोडतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी त्याच प्रशिक्षकाच्या सहा धावपटूंना रक्तचाचणीनंतर संघातून वगळलं होतं. हा उरलेला भाग मी चहा संपता संपता सांगितला. साहेब म्हणाले, "तरी पण."

९ मार्च

ऑनलाइन १५० ग्रॅम पावडर मागवली, २,७०० रुपये. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक होता, मशरूमचं छान चित्र होतं. पावडर फिकट पिवळी, चवीला किंचित गोड. गोड लागली तेव्हाच शंका आली.

बरणीतलं कॉर्डिसेप्स तांदळावर वाढवतात. वरची केशरी काडी कापून घ्यायची, खाली राहतो तो बुरशीच्या जाळ्याने बांधलेला तांदूळ. काहीजण तो तांदूळच वाळवून दळतात आणि मशरूम म्हणून विकतात. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पिठाला लागलं की निळंकाळं होतं, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

अर्धा चमचा पावडर पाण्यात दोन मिनिटं उकळली आणि आयोडीनचे चार थेंब टाकले. रंग बदलला नाही. मी खूश. सौ.ला बोलावून दाखवलं, साहेबांना फोन केला की माल चोख आहे.

वीस मिनिटांनी कप धुवायला गेलो तर आत दौतीतली शाई. गरम पाण्यात स्टार्च-आयोडीनचा निळा रंग टिकत नाही, निवल्यावर उमटतो. मी फार्मसी शिकलेला माणूस, आणि हे विसरलो. शेजारी भाताची पेज ठेवून तीच चाचणी केली तर दोन्ही कपांत फरक सांगता येईना.

२,७०० रुपये गेले. साहेबांना पुन्हा फोन केला.

*ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी : पूर्ण गार होऊ द्या, मगच थेंब टाका. शेजारी एका कपात पेज आणि एका कपात साधं पाणी ठेवा, नाहीतर डोळा फसतो.*

१६ मार्च

वाईच्या बाजूला एक तरुण घरामागच्या खोलीत कॉर्डिसेप्स घेतो असं कळलं. मोटरसायकलवर गेलो. दहा बाय बारा फुटांची खोली, एसी, मांडण्यांवर काचेच्या बरण्या, प्रत्येक मांडणीवर एलईडी पट्टी. खोली १९ अंशांवर. बाहेरच्या उन्हातून आत गेलो तेव्हा अंगावर शहारा आला.

मी पावडर घ्यायला गेलो होतो, पण तासभर त्याचं ऐकत बसलो. प्रत्येक बरणीत ब्राऊन राइस आणि पोषणाचं पाणी, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, मग गार झाल्यावर सुईने द्रवरूप बियाणं. आठवडाभर पूर्ण अंधार. पांढरं जाळं तळापर्यंत गेलं की दिवा लावायचा, की ते हळूहळू केशरी होतं आणि काड्या फुटायला लागतात. काढणीला जवळजवळ दोन महिने. पहिल्या वर्षी त्याच्या दोनशेपैकी दीडशे बरण्या हिरव्या बुरशीने गेल्या. दुसऱ्या वर्षी बुरशी आली नाही, पण काड्याही आल्या नाहीत. नुसती केशरी गादी. तेच बियाणं पुनःपुन्हा वाढवत राहिलं की ते काडी धरायचं विसरतं, हे त्याला चार महिन्यांच्या वीजबिलानंतर समजलं. त्यानंतर तो हिमाचलात सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयात प्रशिक्षणाला जाऊन आला.

"पावडर नको, अख्ख्या काड्या घ्या काका," तो स्वतःच म्हणाला. "काडीत तांदूळ लपवता येत नाही."

४६० ग्रॅम वाळलेल्या काड्या घेतल्या. ग्रॅमला ३२ रुपये, एकूण १४,७२०. सहाजणांत वाटून. आमच्यातला दूध घालणारा पोरगा वाटा ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एक म्हैस महिनाभर एवढं खात नाही."

२३ मार्च

काड्या दिसायला कुरकुरीत पण वाकवल्या तर मोडेनात, चिवट. मिक्सरला लावल्या तर पात्याभोवती गोळा झाला आणि भांडं तापलं. पुन्हा वाळवायला हव्या होत्या. भावाच्या बेकरीत ट्रे लावले, भट्टी विझवल्यानंतरच्या उरलेल्या ऊबेवर. थर्मामीटरने ४५ ते ५० अंश. रात्रभर ठेवून सकाळी वजन केलं : ४२८ ग्रॅम. म्हणजे ३२ ग्रॅम पाणी मी हजार रुपयांना घेतलं होतं. त्या पोराचा यात दोष नाही. घेताना एक काडी मोडून बघायची अक्कल माझी.

आता काड्या टचकन मोडल्या. दळून चाळणीतून दोनदा काढल्या. आयोडीन, गार पाण्यात : पिवळट तपकिरी, निळ्याचा मागमूस नाही.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्याला सुक्या बोंबलासारखा वास बसला. लिंबू, सोडा, ऊन, सगळं झालं. नवं भांडं, ३५० रुपये, आणि ते माझ्या खात्यातून.

२७ मार्च

सहाजणांची यादी दोनदा बदलली.

कॉलेजचा पोरगा यायला सगळ्यात उत्सुक होता. तो राज्य पातळीवर पळतो. त्याला मी नाही म्हटलं. कॉर्डिसेप्स बंदी असलेल्या पदार्थांत नाही, पण उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. माझ्या भावाच्या बेकरीत वाळवलेल्या, कुठलीही बॅच तपासणी न झालेल्या पावडरीची हमी मी कशी देणार? तो रुसला. रुसू दे.

दुसरे आमचे सत्तरीचे आबा. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायची गोळी दोन्ही चालू. त्यांना तर विचारूही दिलं नाही.

राहिले सहा : हवालदार, शाळेच्या मॅडम, बँकेचे साहेब, दूधवाला, एसटी वर्कशॉपमधला मेकॅनिक आणि माझा मेव्हणा. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारलं. एका डॉक्टरांनी "तुम्हाला काय उद्योग नाहीत का" असं उत्तर दिलं, ते आम्ही होकार धरलं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून कॅप्सूल भरायला बसलो. साठ्यातून पारदर्शक जिलेटीनच्या ५०० टोप्या आणल्या होत्या, ३०० रुपये. खऱ्या पावडरीचा रंग केशरी, म्हणून खोट्यासाठी तांदळाचं पीठ आणि हळद. रंग इतका हुबेहूब जमला की मी स्वतःवर खूश झालो. शंभर भोकांच्या पाटीवर दोनशे डमी भरून झाल्या.

लेक सुट्टीला आली आहे, संख्याशास्त्र शिकते. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, सूज उतरायला हळदीच्या गोळ्या तुम्ही दुकानात विकता ना? मग त्याच डमीत भरताय?"

दोनशे कॅप्सूल टाकल्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन. त्या माळकरी. "टोपी कशाची आहे?" जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. मी रोज विकतो, पण हा विचार डोक्यात आला नाही. उरलेल्या तीनशे टोप्याही बाद.

नवीन मागणी : शाकाहारी एचपीएमसी टोप्या, '००' आकार, गडद लाल आणि अपारदर्शक. २,००० नग, २,५०० रुपये. आतलं दिसतच नाही म्हटल्यावर रंग जुळवायचा प्रश्न मिटला. डमीत मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, म्हणजे गोळ्यांत भर म्हणून वापरतात तीच पांढरी भुकटी. अर्धा किलो, ४५० रुपये.

१३ एप्रिल

दोन संध्याकाळी भरण्यात गेल्या. पहिल्या पाटीतल्या वीस कॅप्सूल तोलल्या तर एकीत ३९० मिलिग्रॅम, दुसरीत ५४०. औषधाच्या कॅप्सूलला साडेसात टक्के फरक चालतो. हा तर बाजारभावासारखा हलत होता. पावडर तंतुमय असल्याने भोकाच्या तोंडाशीच अडकते. पाटी तीनदा आपटायची, दाबायची, पुन्हा भरायची, असं केल्यावर ४८० च्या आसपास स्थिरावलं. रोज सहा कॅप्सूल म्हणजे २.९ ग्रॅम.

हा आकडा हवेतून आलेला नाही. २००४ साली २२ सायकलपटूंना पाच आठवडे रोज तीनेक ग्रॅम कीडाजडीची बुरशी दिली आणि काहीच फरक पडला नाही. २०१७ साली अमेरिकेत कॉर्डिसेप्स असलेलं मिश्रण रोज ४ ग्रॅम दिलं. आठवड्यात फारसं काही दिसलं नाही, तीन आठवड्यांनी दम वाढलेला दिसला, पण तोवर माणसं अगदी मोजकी उरली होती आणि त्या मिश्रणात इतर मशरूमही होती. म्हणून आम्ही तीन ग्रॅमच्या आसपास आणि तीन आठवडे असं ठरवलं. बाटल्यांवर लिहिलेलं असतं दिवसाला एक ग्रॅम. म्हणजे चाचणीएवढा डोस घ्यायचा तर साठ कॅप्सूलची बाटली दहा दिवसांत संपते. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

आज मेकॅनिकला दोन्ही प्रकारच्या कॅप्सूल दाखवल्या आणि विचारलं, ओळख. त्याने एक कानाशी नेऊन हलवली, मग दुसरी. "ही वाजते, ही वाजत नाही." इंजिन ऐकणारा कान. डमी हलकी पडली होती, आत जागा राहिली होती. सगळ्या डमी उघडून पुन्हा ठासून भरल्या. दोन संध्याकाळी अजून.

वासावर उपाय लेकीने काढला : प्रत्येक डबीत झाकणाखाली खऱ्या पावडरीची चिमूटभर पुरचुंडी. आता बारा डब्यांना सारखाच बोंबील.

डब्यांवर १ ते १२ क्रमांक, कोणाला आधी कोणती हे नाणं उडवून, तिघांना आधी खरी आणि तिघांना आधी खोटी. हे सगळं तिने केलं. कागद पाकिटात घालून देवघरात गणपतीमागे. मी वेळा घेणार, म्हणून मलाही कळता कामा नये, हे तिचं म्हणणं. पटलं, पण थोडं लागलं.

२० एप्रिल

मोजमापाची रंगीत तालीम. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटात २ किलोमीटर जोरात वर, थांबल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरते ते लिहायचं. आज खाली मात्र गाडीतून आलो.

मनगटावरच्या घड्याळांनी पार गोंधळ घातला. दूधवाल्याची नाडी चढावर सलग १७४. त्याची पावलं मोजली तर मिनिटाला १७४. घड्याळ नाडीऐवजी हाताचा झोका मोजत होतं. दोन छातीचे पट्टे उसने मिळाले, तेच सगळ्यांना आलटून-पालटून. म्हणून एकेकाला दहा मिनिटांच्या अंतराने सोडावं लागणार, आणि एका चाचणीला दोन तास.

दुसरं माप भिंतीवर उडी : खडू लावलेल्या बोटाने शाळेच्या भिंतीला उंच स्पर्श. तिसरं सगळ्यात साधं : उतारावर पळाल्यानंतर २४ आणि ४८ तासांनी जिना उतरताना मांड्या किती दुखतात, शून्य ते दहा.

२८ एप्रिल, सोमवार

सुरुवात. ठरवलेल्या दिवसापेक्षा तीन आठवडे उशिरा.

६ मे

दूधवाल्याला दोन दिवस पोट बिघडलं. "काका, औषध जोरात आहे." त्याला दोन दिवस थांबवलं, ठीक झाल्यावर पुन्हा चालू.

एक गिऱ्हाईक चागा विचारायला आलं, भूर्जावर वाढणारं काळं मशरूम. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि जपानमध्ये महिनोन्‌महिने चमच्या-चमच्याने घेणाऱ्या एका बाईंची किडनी त्याने निकामी झाल्याची नोंद आहे. मे महिन्यात घामाने निथळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या पळणाऱ्याला मी ते देणार नाही. गिऱ्हाईक गेलं. बहुतेक ऑनलाइन घेईल.

१८ मे, पहिली चाचणी

पहाटे साडेपाचलाही उकाडा. घाटात वारा नाही. २ किलोमीटर वर, २ खाली, अशा तीन फेऱ्या, आणि खाली येताना ब्रेक न लावता. मार्चपासून सगळे पोवई नाक्याकडच्या सपाट रस्त्यावरच पळत होते. घाटात कोणी उतरलं नव्हतं.

साहेबांचे डोळे लाल. चार दिवसांपूर्वी मुलीचं लग्न झालं, झोप नाही. चाचणी पुढे ढकलायला हवी होती, पण पट्टे आजच्यापुरते मिळाले होते.

२० मे

४८ तासांचे गुण : मॅडम ६, मेव्हणा ७, साहेब ७, दूधवाला ४, मेकॅनिक ६, हवालदार ५. मेव्हणा जिना उलटा उतरतोय असा त्याच्या बायकोचा फोन आला.

२६ मे

आज मोसमी पाऊस मुंबईत पोचला. १९५० पासूनच्या नोंदींतली सगळ्यात लवकरची तारीख. आमच्याकडे तर आठवडाभर कोसळतोयच. दोन आठवडे कॅप्सूल बंद ठेवून २ जूनला दुसरी डबी उघडायची होती. डब्या तपासल्या तर चारांत पावडर ओल धरून दगड झालेली, टोप्या एकमेकींना चिकटलेल्या. सहाही डब्या मी लेकीकडे दिल्या. तिने उघडून, पुन्हा वाळवून, पुन्हा भरून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून परत दिल्या. त्या पुड्या पहिल्या दिवशीच टाकायच्या असतात. दुकानात पोतंभर पडल्या आहेत.

एक आठवडा गेला. दुसरा टप्पा ९ जूनपासून.

१५ जून

उडीचं माप सोडून दिलं. भिंत ओली, खडू धुऊन जातो, बूट निसटतात. मॅडम पडता पडता वाचल्या.

२९ जून, दुसरी चाचणी

घाटात धुकं, गारवा, पाऊस बारीक. मे महिन्याशी तुलना करायची म्हणजे दोन वेगळ्या गावांची तुलना.

हवालदार आले नाहीत. माउलींची पालखी जिल्ह्यात आहे, लोणंद-फलटणकडे बंदोबस्त. त्यांनी फोनवर सांगितलं की चार रात्री मिळून जेमतेम दहा तास झोप झाली आणि डबी पावसात भिजली. त्यांचं नाव निकालातून काढलं.

१ जुलै

४८ तासांचे गुण : मॅडम ३, मेव्हणा ४, साहेब ३, दूधवाला २, मेकॅनिक ४.

टपरीवर जल्लोष. प्रत्येकाचं दुखणं कमी झालं, आणि पाचही जण छातीठोकपणे सांगताहेत की दुसऱ्या डबीत खरं औषध होतं. साहेबांनी तर पुढच्या तीन महिन्यांची मागणी नोंदवली. मी सगळ्यांचे अंदाज सही करून घेतले.

घरी आलो आणि मग लक्षात आलं. पाचही जणांची दुसरी डबी खरी असूच शकत नाही. नाणं तसं उडवलेलंच नव्हतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी झाल्यावर पाकीट फोडलं.

मॅडम आणि मेव्हणा : आधी खरी, मग खोटी. साहेब, दूधवाला आणि मेकॅनिक : आधी खोटी, मग खरी. म्हणजे पाचपैकी तिघांचा अंदाज बरोबर. पाचही जणांनी एकच उत्तर दिलेलं असल्याने त्यात ओळखण्याचा भाग शून्य.

आता दुखण्याचे आकडे. दुसऱ्या टप्प्यात खोटी घेणाऱ्या दोघांचं दुखणं प्रत्येकी ३ गुणांनी उतरलं. खरी घेणाऱ्या तिघांचं ४, २ आणि २, सरासरी पावणेतीनच्या आसपास. सेल्युलोजने कॉर्डिसेप्सला केसभर मागे टाकलं म्हणा, किंवा दोघांनीही काही केलं नाही म्हणा.

मग सगळ्यांचं उतरलं कशाने? मॅडमचे भाऊ फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांना फोन लावला तर ते हसायलाच लागले. बऱ्याच दिवसांनी उतारावर जोरात पळालं की मांड्या सडकून दुखतात, पण स्नायू ते लक्षात ठेवतात. पुढे काही आठवडे तोच उतार पुन्हा केला तरी दुखणं बरंच कमी होतं. त्यात काहीही खायची गरज नसते. आमची पहिली चाचणी हाच दुसऱ्या चाचणीचा उपाय ठरली होती. एकदा उतारावर पळून, मग बाटली घेऊन पुन्हा पळणारा प्रत्येकजण हाच फरक औषधाच्या खात्यावर मांडत असणार. मीही मांडला असता. अर्ध्यांना उलट्या क्रमाने देण्याचा लेकीचा हट्ट नसता तर आज दुकानात फलक लागला असता.

नाडीचे आकडे (एका मिनिटात उतरलेले ठोके, पहिली चाचणी आणि दुसरी) : मॅडम ३१ आणि ३४, मेव्हणा २४ आणि २७, साहेब २२ आणि २९, दूधवाला ४१ आणि ४०, मेकॅनिक २८ आणि ३०. साहेबांची उडी डोळ्यात भरते आणि ते खऱ्या कॅप्सूलवर होते हेही खरं. पण झोपेच्या रकान्यात पहिल्या चाचणीआधीच्या आठवड्यात त्यांची रोजची सरासरी साडेचार तास आहे, दुसरीआधी सात. साहेब अजूनही म्हणतात, "तरी पण."

दूधवाल्याचं पोट बिघडलं ते सेल्युलोजवर. तो म्हणाला, मग ते कुठल्यातरी लग्नातलं जेवण असेल.

१३ जुलै, हिशेब

काड्या १४,७२०. वाया गेलेली ऑनलाइन पावडर २,७००. टोप्या, बाद झालेल्या धरून, २,८००. सेल्युलोज ४५०. मिक्सरचं भांडं ३५०. एकूण २१,०२०. यात माझ्या संध्याकाळी आणि बेकरीची ऊब धरलेली नाही. खऱ्या कॅप्सूलचा नुसत्या मालाचा खर्च माणशी दिवसाला शंभरेक रुपये पडला.

पुन्हा केलंच तर : मोजायला लागण्याआधी महिनाभर सगळ्यांना दोनदा तो उतार उतरवीन, म्हणजे स्नायूंची ओळख आधीच झालेली असेल. पट्टे स्वतःचे घेईन. मे-जून धरणार नाही, डिसेंबर-जानेवारी धरीन, तेव्हा पहाटेची हवा निदान महिनाभर एकसारखी असते. उडीसाठी कोरडी भिंत. आणि सहाऐवजी वीस माणसं, पण तेवढ्यांचे पैसे कोण भरणार हे ठरलेलं नाही.

बाटलीचं विचारलं की मी आता आयोडीनची बाटली आणि एक कप काउंटरवर ठेवतो. दोघांनी आपल्या घरच्या कॅप्सूल आणून फोडल्या. एक निळी झाली, एक नाही झाली. निळी झालेला माणूस माझ्यावरच चिडला.

सात खऱ्या आणि साठेक खोट्या कॅप्सूल उरल्या आहेत. मेव्हण्याचा काल फोन होता. सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनसाठी त्याला कॅप्सूल पाहिजेत. मी म्हटलं, खऱ्या सातच आहेत. तो म्हणाला, "दाजी, मला त्या नकोत. मला ते सेल्युलोजच पाठवा, मला त्यानेच बरं वाटलं होतं."